पन्नास बोळे

सकाळी सातला लॅबचं शटर वर जातं, तेव्हा बाहेर पंधरा-वीस माणसं उपाशीपोटी उभी असतात. मग ती आतल्या बाकावर ओळीनं बसतात. समोर टीव्ही चालू असतो, शेजारी पेपर पडलेला असतो. टीव्हीवर काय चाललं होतं हे त्यांना जाताना विचारलं, तर एकालाही सांगता येणार नाही. मात्र आधी आत गेलेली बाई ‘आई गं’ म्हणाली की नाही, तिला एकदा टोचलं की दोनदा, बाहेर येताना तिनं कोपरात कापूस किती घट्ट दाबला होता, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पडदा हलला की पंधरा माना एकदम वळतात.

मी १९९३ पासून रक्त काढतोय. शीर शोधणं हाताला शिकवता येतं. त्या वळणाऱ्या माना ओळखायला मात्र मला शिकावं लागलं नाही, कारण अशाच एका बाकावर मी स्वतः चौदा दिवस बसलो होतो. त्या बाकावरून मला ज्यांनी उठवलं त्या नर्सबाईंचं माझ्यावर ऋण आहे. ते नेमकं कशाचं आहे, हे कळायला मला तेहतीस वर्षं लागली.

१९७९ चा नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. मी नऊ वर्षांचा, चौथीत. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव. पिठाच्या गिरणीतून जोंधळ्याचं पीठ घेऊन येताना एका तांबड्या, फाटक्या कानाच्या कुत्र्यानं पोटरी धरली. डबा टाकून मी घरी पळालो. आजीनं जखमेत मिरचीपूड भरली आणि वर चुना लावला. शेजारच्या म्हातारीनं बजावलं, ‘विहिरीत डोकावू नगंस, पाण्यात कुत्रं दिसंल.’ दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात लंगडताना पाहिलं, पोटरीवरचं फडकं सोडून बघितलं आणि वडिलांना, दादांना, बोलावणं धाडलं. अशा जखमेवर आधी साबण आणि भरपूर पाणी, निदान पाव तास, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जखमेपेक्षा कुत्र्याचीच चौकशी जास्त केली. ‘कुत्रं कुठंय? पाळलेलं की मोकाट? सापडलं तर बांधून ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर पुढच्या सुया थांबवू.’ कुत्रं सापडलं नाही. म्हणजे पुऱ्या चौदा, रोज एक, पोटात.

ती चौदा इंजेक्शनं ज्यांनी घेतली किंवा घरात कुणाला घेताना पाहिली, त्यांना वेगळं सांगायला नको. लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. मेंदूत वाढवलेले विषाणू फिनॉलनं मारायचे आणि ते द्रावण टोचायचं, ही डेव्हिड सेम्पल यांनी हिमाचलातल्या कसौलीला १९११ च्या सुमारास बसवलेली पद्धत. एका वेळी द्यायचं द्रावण बरंच असे. पोटाची कातडी सैल, म्हणून ते तिथं. त्याच्याही आधी, ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली ज्याच्या पोटात लस गेली, तो जोसेफ माइस्टर हा मुलगाही नऊच वर्षांचा होता. त्याला तेरा टोचली होती. हे वाचलं तेव्हा मला उगाच वाटलं की आपण एकानं पुढं आहोत.

आमचं गाव ते तालुका अकरा किलोमीटर. सकाळची एस.टी. पकडून आजी मला घेऊन जायची. दादांचा रोज बुडवणं परवडणारं नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता आणि बाकासमोर इंजेक्शनच्या खोलीचं दार. आत स्टोव्हवर पत्र्याच्या डब्यात काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळत असायच्या. तेव्हा सुया फेकून देत नसत; उकळायच्या आणि पुन्हा वापरायच्या. पाण्याला उकळी फुटली की झाकण थडथडायचं. मग स्टोव्ह बंद होऊन फुस्स आवाज यायचा. मग चिमटा डब्याला लागून टिण्ण वाजायचा. मग स्पिरिटचा वास. तिसऱ्या दिवसापर्यंत मला हा क्रम इतका पाठ झाला होता, की झाकण थडथडू लागलं की नाव पुकारायला अजून किती वेळ आहे हे माझ्या पोटाला कळायचं. बेंबीभोवती आधीच्या दिवसांच्या गाठी होत्या, लाल आणि खाजऱ्या. झाकण वाजलं की त्या ठणकायला लागायच्या. सुई अजून डब्यातच असायची.

पहिले तीन दिवस तिथला एक शिपाई मला धरायचा. ‘काय न्हाई रं, मुंगी चावल्यागत,’ म्हणत तो माझे दोन्ही हात डोक्यामागं दाबायचा. ते मुंगी चावल्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चपलांचा आवाजही त्या क्रमात जमा झाला.

सुई पोटात असायची ती जेमतेम अर्धा मिनिट. तिनं खाल्ला मात्र सगळा दिवस. दवाखान्यातून बाहेर पडलो की दोन-तीन तास बरे जायचे. दुपार कलली की उद्याची सुई सुरू. आजीनं मुद्दाम गुळाची पोळी केली होती. ती मी खाल्ली, पण नंतर आईनं विचारलं, ‘गोड झाली व्हती का रं?’ तर मला सांगता येईना. तेराचा पाढा मला झोपेतही यायचा; गुरुजींनी उभं केलं तेव्हा तेरी चोक बावन्नवर अडकलो, आणि पोरं हसली तेही उशिरा ऐकू आलं. एस.टी.च्या खिडकीतून मी फक्त कुत्री बघायचो. फाटक्या कानाचं तांबडं कुत्रं दिसलं, म्हणजे सुया थांबतील. त्या अकरा किलोमीटरच्या रस्त्यावर ओढा होता, वाण्याचा पडका वाडा होता, बागायतीचे चार मळे होते. त्या पहिल्या तीन दिवसांतली मला आज फक्त कुत्री आठवतात: पांढरं एक, काळी दोन, एक लूत भरलेलं.

चौथ्या दिवशी नर्सबाई रजेवरून परत आल्या.

सावळ्या, ठेंगण्या, तिशीच्या. बाकावरून माना उंचावणाऱ्या आम्हा सगळ्यांवर त्यांनी एक नजर टाकली आणि माझ्याकडे बोट केलं. ‘ए, मोकळाच बसलायस ना? ये आत.’ मला वाटलं, आली पाळी. मी आजीचा पदर धरला. बाई म्हणाल्या, ‘सुईला नाही, कामाला ये.’

आत खिडकीशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं, निळ्या कागदात गुंडाळलेला कापसाचा गठ्ठा मांडीवर दिला आणि बाजूला स्टीलचा डबा ठेवला. कापूस किती ओढायचा, तळहातावर कसा वळायचा, दोनदा दाखवलं. ‘असे पन्नास कर. पन्नास झाले की मला हाक मार.’

‘आणि मंग?’

‘मग तुझी सुई.’

आजी दारातून म्हणाली, ‘अवं, लेकराला कशाला कामाला लावताय, आधीच घाबरलंय.’ बाईंनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

मी बोळे वळू लागलो. सतराव्या बोळ्याला झाकण थडथडलं आणि मोजणी चुकली. डब्यातले सगळे काढून पुन्हा एकपासून मोजले. तिशीनंतर माझ्या ध्यानात आलं की पन्नास होईपर्यंत सुई येणार नाही. मग मी बोळे बारीक आणि सावकाश करायला लागलो. बाई येता-जाता डब्यात डोकावल्या. ‘हे काय फुटाणे करतोयस? बोळे पायजेत मला.’ अठ्ठेचाळीस झाले. एकोणपन्नास झाले. पन्नासावा मी बराच वेळ हातात धरून बसलो. शेवटी हाक मारली ती मीच.

त्या दिवशी शिपायाला बोलावलं नाही. ‘उजवीकडं देऊ का डावीकडं?’ त्यांनी विचारलं. तोवर मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, डावीकडं. ‘दहा म्हणेपर्यंत दुखेल. तू मोज, मोठ्यानं.’ मी ओरडतच मोजलं. आठला सुई बाहेर होती. माझ्याच पन्नासातला एक बोळा त्यांनी तिथं दाबला आणि म्हणाल्या, ‘दहातले दोन उरले बघ तुझे. उद्या वापर.’

दुखलं. आदल्या दिवशीइतकंच दुखलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशा आठवणींत दुखणं हळूच पुसून टाकायचा मोह होतो. बदललं ते दुसरंच. सहाव्या-सातव्या दिवसापासून मी बोळे भराभर वळू लागलो. पन्नास करायला पहिल्यांदा अर्धा तास लागला होता. नवव्या दिवशी, स्टोव्हवरचं पाणी उकळायच्या आत, मी ‘बाई, झाले!’ म्हणून हाक मारली. त्या हसल्या. ‘थांब की, सुई तरी उकळू दे.’ सुईला मी हाका मारून बोलावत होतो! सुई आवडायला लागली होती, असं अजिबात नाही. पण बोलावली की ती येते, टोचते आणि जाते. आणि ती गेली की दुपार माझी असते. दहाव्या दिवशी परत येताना एस.टी.च्या खिडकीतून मला मळ्यात कांद्याची लागण चाललेली दिसली. बायका ओळीनं वाकलेल्या होत्या, पाटातलं पाणी चमकत होतं. ती लागण आधीपासून चालली असणार. मला ती त्या दिवशी दिसली.

चौदाव्या दिवशी मी शंभर बोळे केले. पन्नास माझे आणि पन्नास असेच. आजीनं बाईंच्या हातात चार अंडी ठेवली. आम्ही एस.टी. पकडली. त्या बाईंचं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही. नर्सबाई एवढंच नाव आम्हाला पुरेसं होतं.

पुढं डी.एम.एल.टी. हा लॅबचा डिप्लोमा करून मी या धंद्यात आलो. बाईंचं ऋण फेडायचं मनात होतंच, आणि ते कसं फेडायचं हेही मी ठरवून टाकलं होतं. त्या खरं बोलल्या होत्या. मीही खरं बोलणार. शिपायासारखं ‘मुंगी चावल्यागत’ म्हणणार नाही. जवळजवळ अठरा वर्षं मी प्रत्येकाचा पट्टा बांधून, मूठ आवळायला सांगून, सुई टेकवण्याआधी म्हणत होतो, ‘आता दुखेल हं.’ त्याचा मला अभिमानही होता. एकदा एक निवृत्त शिक्षिका हात मागं घेऊन म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही सांगेपर्यंत माझं लक्षच नव्हतं तिकडं.’ मी ते हसण्यावारी नेलं.

मग एका डॉक्टरांच्या व्याख्यानात २०१० साली छापून आलेलं एक संशोधन ऐकलं. बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रियांना पाठीत इंजेक्शन देण्याआधी तिथली कातडी बधिर करायची सुई देतात. काही जणींना सांगितलं, आता जागा बधिर होईल, तुम्हाला बरं वाटेल. बाकीच्यांना सांगितलं, आता मोठी मधमाशी डसल्यासारखं होईल, सगळ्यात त्रासाचा भाग हाच. सुई तीच, औषध तेच. आपलं दुखणं दहापैकी किती, असं विचारल्यावर पहिल्या गटाचा मधला आकडा आला तीन; मधमाशीवाल्यांचा पाच. सभागृहात बसल्या बसल्या मी माझे अठरा वर्षांतले ‘दुखेल हं’ मोजायला लागलो. ते नुसतं खरं बोलणं नव्हतं. प्रत्येक वेळी मी त्या माणसाच्या कानाशी स्टोव्हवरचं झाकण वाजवत होतो.

मग बाईंनी केलं ते काय होतं? ‘दुखेल’ तर त्याही म्हणाल्या होत्या.

याचं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडलं. २००६ साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ जणांना एम.आर.आय. यंत्रात झोपवून पायाला विजेचे झटके दिले. झटका किती जोराचा आणि तो किती सेकंदांनी बसणार, हे प्रत्येक वेळी आधी सांगितलं; कधी तीन सेकंद, कधी सत्तावीस. नंतर निवड दिली: थोडा वेळ थांबून सौम्य झटका घ्या, किंवा जोराचा घ्या पण आत्ता. काही जणांनी जोराचा मागून घेतला. थांबणं नको, म्हणून जास्त दुखणं चाललं. या लोकांच्या मेंदूत दुखणं जाणवणाऱ्या जागा झटक्याच्या खूप आधीच जाग्या झालेल्या दिसल्या. संशोधकांचं म्हणणं असं, की ही धास्ती म्हणजे नुसती भीती नव्हे. जिथं दुखणार त्या जागेवर आधीपासून खिळून राहिलेलं लक्ष हाही तिचा एक भाग आहे.

हे वाचताना माझा हात पोटाकडं गेला. झाकण वाजलं की गाठी ठणकायच्या त्या यासाठी. आणि नवव्या दिवशी मी सुईला हाका मारत होतो तेही यासाठीच. त्या ३२ जणांतल्या काहींना थांबण्यातून सुटायला जास्तीचा झटका मोजावा लागला. मला बाईंनी ती सुटका पन्नास बोळ्यांत दिली होती. ऋण ‘दुखेल’ या शब्दाचं नव्हतंच. माझं लक्ष पोटावर बसलेलं होतं. त्यांनी ते उचलून तळहातावर ठेवलं, आणि वाट किती बघायची हे माझ्या हाती दिलं. मी मात्र कापूस विसरून नुसता त्यांचा शब्द घेऊन आलो होतो.

आता माझ्याकडं मूल आलं की मी त्याला नळ्यांना लेबलं लावायला देतो. जांभळ्या टोपणाची रक्तपेशींना, करड्या टोपणाची साखरेला. ‘सरळ लाव, वाकडं चालत नाही. लागलं की सांग.’ मोठ्यांना नळीवरचं त्यांचं नाव आणि वय तपासायला सांगतो. तसा तो नियमच आहे, पण पूर्वी मी ते घाईत उरकायचो. दुखेल का, असं कुणी विचारलंच तर ‘थोडं’ म्हणतो. न विचारणाऱ्याला सांगत नाही.

२०१२ मध्ये मी बाईंना शोधून काढलं. तालुक्याच्या दवाखान्याच्या गाडीचे जुने ड्रायव्हर भेटले, त्यांच्याकडून कळलं की त्या कराडला मुलाकडं असतात. रविवारी गेलो. केस पांढरे झालेले, चालताना भिंत धरावी लागत होती, पण उंची आणि नजर तीच. मी पाया पडलो आणि सगळी कथा सांगितली: कुत्रं, बाक, पन्नास बोळे.

त्यांना काही आठवेना. ‘पोरं किती यायची रे, कुत्र्याची. गावोगावची.’

‘पण बोळे? तुम्ही मला बोळे वळायला दिले होते.’

‘ते द्यायचेच मी. कुणी मोकळं दिसलं की द्यायचे. सारखे संपायचे रे बोळे, करायला माणूस कुठं होता?’

मी काही वेळ गप्प बसलो. तेहतीस वर्षं जे मी ऋण म्हणून वागवलं, ते त्यांच्या लेखी तुटपुंज्या माणसांतून काढलेला मार्ग होता. तरी एक प्रश्न राहिला होता. ‘मग पन्नास झाले की हाक मार, असं का सांगितलंत? तुम्हीच बोलावलं असतं.’

‘मी बोलावलं की पोरं पळायची. शिपाई पाठवा, धरून आणा, त्यात माझी ओ.पी.डी. लांबायची.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘आपण होऊन आलेलं पोर पळत नाही.’

सून चहा घेऊन आली. तिनं सांगितलं, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, येत्या सोमवारी. दोन रात्री झोपल्या नाहीत. बाई तिच्यावर खेकसल्या, ‘सांग आता सगळ्या गावाला.’ आणि मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, ‘आयुष्यभर दुसऱ्यांना सुया दिल्या. पाठीत देणार म्हणतात. बघू.’

बोलत असताना त्यांचे हात थांबले नव्हते. आत आलो तेव्हापासून त्या काहीतरी वळत होत्या, मी नीट पाहिलं नव्हतं. मांडीवर कापूस होता, शेजारी ताटात फुलवातींचा ढीग. ‘लाख वाती करायच्यात,’ सून म्हणाली, ‘बोलल्या आहेत देवाला. आधी रोज शंभर व्हायच्या. या आठवड्यात पाचशे-पाचशे करतायत.’

मी चहा संपवला, हात पुसले आणि खाली पाटावर बसलो. बाईंनी कापसाचा एक पुंजका तोडून माझ्याकडं सरकवला. ‘येतात का?’ त्यांनी विचारलं.

‘बोळे येतात,’ मी म्हणालो. ‘वाती दाखवा.’

त्यांनी दोनदा दाखवलं.